सावलीचा हिशेब : तीनचाकीसाठी शेड भाड्याने की मालकीची?

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे तीस किलोमीटरवर अभनपूर हे तहसिलीचे गाव लागते. रायपूर-धमतरी ही छोटी रेल्वे धावत होती त्या काळात राजिमकडे जाणारा फाटा येथूनच फुटत असे. ती गाडी इतिहासजमा झाली. ३० मार्च २०२५ रोजी मंदिर हसौदमार्गे रायपूर-अभनपूर ही रुंद रुळांवरची मेमू सेवा सुरू झाली. नवा रायपूर शेजारीच वसल्यामुळे गावाभोवतीच्या जमिनीला भाव आला, गाळ्यांची भाडी वाढली आणि एकेकाळी घरासमोर सहज उपलब्ध असलेली मोकळी जागा आता मोजून वापरावी लागते. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत आणि नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना नोकरीनिमित्त आणखी अनेक कुटुंबे रायपूर परिसरात स्थायिक झाली. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मराठी वा छत्तीसगढी अशा कोणत्याही एका कुटुंबाचा नाही. ज्या घरात चालू न शकणारी व्यक्ती आहे आणि तिची गाडी उंबरठ्याच्या आत येत नाही, अशा प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

दिव्यांग व्यक्तींना साहाय्यक साधने मिळावीत यासाठी केंद्र शासनाची ‘ॲडिप’ ही योजना १९८१ पासून राबविली जाते. कानपूर येथील ‘ॲलिम्को’ हा १९७२ साली स्थापन झालेला शासकीय उपक्रम कुबड्या, चाकाच्या खुर्च्या व तीनचाकी सायकली तयार करतो. २०१४ च्या सुधारित नियमांनी बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीसाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य खुले केले आणि ते दहा वर्षांतून एकदाच मिळेल अशी अट घातली. २०१७ साली सुरू झालेल्या ‘राष्ट्रीय वयोश्री’ योजनेतून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठ नागरिकांनाही अशी साधने मिळू लागली. गाडी मिळते, छायाचित्रे निघतात, शिबिर संपते. त्यानंतर ती गाडी रात्री ठेवायची कोठे, याचा विचार मात्र कोणत्याही अर्जाच्या रकान्यात नसतो.

हाताने चालवायची तीनचाकी पावसात भिजली तरी तेल-ग्रीस केल्यावर पुन्हा चालते. बॅटरीच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्यातील शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटऱ्यांना उष्णता सोसत नाही. सरासरी तापमान दहा अंशांनी वाढले तर अशा बॅटरीचे आयुष्य साधारणपणे निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. मे महिन्यात रायपूर परिसरात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. उन्हाने टायरला भेगा पडतात आणि जून ते सप्टेंबरच्या पावसात वायरींच्या जोडांवर गंज चढतो. धानाचा मुलूख असल्याने उंदरांचीही वाण नाही. वायरीचे आवरण कुरतडणे हा त्यांचा आवडता उद्योग. गाडी उघड्यावर ठेवणे हा बिनखर्ची मार्ग वाटतो खरा, परंतु दोन उन्हाळ्यांनंतर बॅटऱ्या बदलण्याचा खर्च समोर उभा राहिला की तो सर्वांत महाग ठरतो. शिवाय नवी बॅटरी येईपर्यंत ती व्यक्ती घरातच अडकून पडते, हे नुकसान कोणत्याही वहीत लिहिले जात नाही.

निवारा हवा हे ठरले की तो भाड्याने घ्यावा की स्वतःच्या मालकीचा करावा, हा प्रश्न येतो. आकडे मांडून तो पाहू. पुढील सर्व रकमा उदाहरणादाखल गृहीत धरलेल्या आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या गावचे दर घालावेत.

समजा, आठ फूट बाय पाच फूट मापाची, लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर रंगीत पत्रा बसविलेली शेड २८,००० रुपयांत तयार होते. उरला-सिलतरा हा लोखंड-पोलाद कारखान्यांचा पट्टा जवळ असल्याने या भागात माल व कारागीर दोन्ही सहज मिळतात. खाली सिमेंटचा कोबा व चढण्यासाठी उतार यांना ७,००० आणि विजेची जोडणी व कुलूप यांना ३,००० धरले, तर आरंभीचा खर्च ३८,००० रुपये होतो. दरवर्षी रंगरंगोटी व डागडुजीसाठी १,००० रुपये लागतील आणि दहा वर्षांनी भंगारात ४,००० रुपये येतील. दुसरीकडे, जवळपासच्या एखाद्या गाळ्याचा किंवा बंदिस्त जागेचा कोपरा दरमहा ६०० रुपये भाड्याने मिळतो, अनामत ३,००० रुपये आहे आणि भाडे दरसाल पाच टक्क्यांनी वाढते.

येथे बहुतेकजण एक चूक करतात. दहा वर्षांचे भाडे सरळ बेरजेने मांडतात आणि ती रक्कम शेडच्या किमतीशेजारी ठेवतात. परंतु आठ वर्षांनी द्यावयाचा रुपया आणि आज द्यावयाचा रुपया सारखे नसतात. आजचा रुपया मुदत ठेवीत ठेवला असता तर वाढला असता. म्हणून पुढील प्रत्येक रक्कम ठेवीच्या व्याजदराने, येथे सात टक्के धरून, आजच्या मूल्यात आणावी लागते. तसे केल्यावर दहा वर्षांच्या भाड्याचे आजचे मूल्य, अनामतीवर बुडालेल्या व्याजासह, सुमारे ६३,४०० रुपये येते. शेडचा खर्च, भंगाराची किंमत वजा जाता, सुमारे ४३,००० रुपये. म्हणजे दहा वर्षे गाडी वापरायची असेल तर मालकीची शेड वीस हजारांनी स्वस्त.

मुदत कमी केली की चित्र पालटते. दोन वर्षांनी शेड १६,००० रुपयांना विकता येईल असे धरले, तरी तिचा निव्वळ खर्च सुमारे २५,८०० रुपये होतो आणि भाड्याचा अवघा १३,७००. पाच वर्षांनी शेडचे १०,००० रुपये येतील असे धरल्यास मालकीचा खर्च सुमारे ३५,००० आणि भाड्याचा ३३,३०० होतो. सहाव्या वर्षी, ८,००० रुपये विक्रीमूल्य धरून, शेडचा खर्च ३७,४०० व भाड्याचा ३९,५०० होऊन पारडे मालकीकडे झुकते. या गृहीतकांवर दोन्ही मार्ग पाचव्या व सहाव्या वर्षांच्या दरम्यान समान होतात. भाडे ६०० ऐवजी ४०० असते तर हा बिंदू पुष्कळ पुढे सरकला असता. म्हणूनच मापाच्या आधी मुदतीचा विचार करावा. खुब्याचे हाड मोडून सहा-आठ महिने चाकाच्या खुर्चीवर असलेल्या आजींसाठी शेड बांधणे म्हणजे पैसा पत्र्यात गुंतवणे होय. लहानपणी पोलिओ झालेल्या आणि पस्तिशीत स्वतःच्या घरी राहून मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या माणसाने दरमहा भाडे भरत राहणे हेही तितकेच अव्यवहारी.

वरील हिशेबात एक गोष्ट मुद्दामच घेतलेली नाही. ती म्हणजे अंतर. सहाशे रुपयांचा गाळा घरापासून दोनशे मीटरवर असेल तर त्या दोनशे मीटरचे काय? चालता येत नाही म्हणून गाडी आहे, आणि गाडीपर्यंत चालत जावे लागते. सकाळी मुलगा किंवा पत्नी गाडी आणून देते, रात्री नेऊन ठेवते. दुपारी दुकानदार कुलूप लावून जेवायला गेला की तोवर बाहेर जाणे बंद. भावाला रोज अर्धा तास यासाठी मोडावा लागला आणि त्याची मजुरी बुडाली, तर भाड्याच्या सहाशे रुपयांत ती रक्कमही मिळवायला हवी. महिन्याला पंचवीस दिवस, रोज अर्धा तास म्हणजे साडेबारा तास. दीड दिवसाच्या मजुरीहून हे अधिक होते. पण पैशांपेक्षा मोठी बाब अशी की ज्या साधनामुळे माणूस कोणावर विसंबून राहू नये, ते साधनच दुसऱ्याच्या किल्लीत अडकते. भाड्याची जागा दारापासून वीस-पंचवीस पावलांच्या आत आणि किल्ली स्वतःच्या खिशात नसेल, तर ती फुकट मिळाली तरी महागच समजावी.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न दुसऱ्या टोकाने पुढे आला. तेथे बहुमजली इमारतींच्या सामायिक जिन्याखाली व मार्गिकेत लोक बॅटरीच्या गाड्या ठेवून तेथेच चार्ज करू लागले. आग लागल्यास धूर आणि अडलेली वाट असे दुहेरी संकट ओढवते, म्हणून अग्निशमन यंत्रणांनी अशा गाड्यांसाठी इमारतीबाहेर स्वतंत्र निवारा असावा असा आग्रह धरला. तेथे गाडीच भाडेपट्ट्याने घेण्याचीही सोय आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मोटॅबिलिटी’ या धर्मादाय संस्थेच्या योजनेत शासकीय भत्त्याच्या बदल्यात मोटार, स्कूटर किंवा बॅटरीची खुर्ची ठराविक काळासाठी मिळते. आपल्याकडे मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांत राहणाऱ्या ग्राहकांनी जिन्याखालच्या गाडीबाबतचा हा धडा अवश्य लक्षात घ्यावा.

अभनपूरसारख्या गावात तिसराही मार्ग आहे आणि तोच अनेकदा सर्वांत शहाणपणाचा ठरतो. मराठीत ज्याला पडवी म्हणतात आणि छत्तीसगढीत परछी, त्या घराच्या पुढच्या ओसरीचे छप्पर पाच-सहा फुटांनी पुढे काढायचे, एका बाजूला जाळी लावायची आणि पायरीच्या जागी उतार करायचा. कौलांखालची जागा पत्र्याखालच्या जागेपेक्षा थंड राहते. चारी बाजूंनी बंद पत्र्याची पेटी मे महिन्यात बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. अशी शेड बांधण्यापेक्षा कडुनिंबाची सावली बरी म्हणायची वेळ येते. पत्र्याचीच शेड करावयाची असेल तर वर व खाली हवा खेळती राहील अशा झडपा ठेवाव्यात आणि छताला दरवर्षी चुना मारावा. चार्जिंग करताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्यामुळे त्या वेळी दार बंद ठेवू नये आणि जवळ विडी, उदबत्ती वा चूल नसावी. उताराबाबत एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण सर्वमान्य आहे. जागेअभावी तो चढा केला तर पावसाळ्यात घसरण्याचा धोका वाढतो.

घर भाड्याचे असेल तर शेड करावीच की नाही, असा संभ्रम पडतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, करारात विरुद्ध काही ठरले नसल्यास, भाडेकरूने जमिनीला जोडलेल्या वस्तू ताबा सोडण्यापूर्वी त्याला काढून नेता येतात. जागा मात्र पूर्ववत करून द्यावी लागते. म्हणून कोब्यात गाडलेल्या खांबांपेक्षा नटबोल्टने जोडलेला सांगाडा घ्यावा आणि घरमालकाची संमती लेखी घ्यावी. तोंडी होकाराची आठवण घर विकले जाताना कोणालाच राहत नाही. निवाऱ्याची जागा भाड्याने घेणाऱ्यांनीही दोन ओळींचा का होईना, करार करावा. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते. अकरा महिन्यांच्या करारांची प्रथा त्यातूनच पडली आहे. किल्ली कोणाकडे, विजेचे बिल कोणाचे आणि जागा सोडण्याची सूचना किती दिवस आधी, या तीन बाबी करारात हव्यातच. स्वतःच्या जागेत बांधणाऱ्यांनी रस्त्याच्या हद्दीबाबत स्थानिक संस्थेकडे आधी चौकशी करावी. विम्याची पॉलिसी असल्यास घराबाहेरील शेडमधील वस्तू तीत येते किंवा कसे, हेही विचारून घ्यावे.

राहिला पैशांचा प्रश्न. हाती ८,००० रुपये असून उरलेले ३०,००० कर्जाऊ घेतले आणि व्याजदर ११ टक्के धरला, तर चोवीस महिन्यांचा हप्ता सुमारे १,३९८ रुपये येतो आणि व्याजापोटी एकूण ३,५५० रुपये जातात. पूर्वीच्या तुलनेत ही रक्कम मिळविली तरी दहा वर्षांच्या मुदतीत निर्णय बदलत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुदतीत मात्र तो बदलू शकतो. घाई नसेल तर दरमहा दीड हजारांचे आवर्ती ठेव खाते उघडून पावसाळ्याआधी रक्कम जमविणे स्वस्त पडते. दिव्यांग व्यक्तींना सवलतीचे कर्ज मिळावे यासाठी केंद्र शासनाने १९९७ मध्ये स्वतंत्र वित्त व विकास महामंडळ स्थापन केले असून त्याच्या योजना राज्यांच्या संस्था व बँका यांच्यामार्फत राबविल्या जातात. तीनचाकी हे व्यवसायाचे साधन असेल, म्हणजे तिच्यावरून भाजी विकली जाते किंवा दुकानात जाणे-येणे होते, तर निवाऱ्याचा खर्च व्यवसायाच्या कर्जप्रस्तावातच दाखवावा, वेगळा मागू नये. शाखेतील सहकाऱ्यांनीही असा प्रस्ताव तपासताना केवळ गाडीचे दरपत्रक न पाहता ती रात्री कोठे राहणार, हा प्रश्न अर्जदाराला विचारावा. उत्तर ‘अंगणात’ असे आले, तर बॅटरीच्या आयुष्याचा अंदाज त्यानुसार धरावा.

शेडचे माप ठरविताना कागदावरची लांबी-रुंदी पुरत नाही. गाडीवर बसून आत जाणे, खुर्चीवर किंवा कुबड्यांवर उतरणे आणि दार लावणे हे सारे त्या व्यक्तीला एकट्याने जमले पाहिजे. म्हणून कारागिराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी अंगणात चुन्याने आठ बाय पाचचा चौकोन आखून, दाराची जागा दोन विटांनी दाखवून, गाडीसह एकदा आत-बाहेर करून पाहावे. बहुतेक वेळा दार समोरच्या बाजूला न ठेवता लांब बाजूला ठेवावे लागते आणि कडी जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, बसल्या हाताला पोहोचेल अशी घ्यावी लागते.