पुनर्रचना सरकारची, झळ कुणाला?

यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा या भागात ज्या घरांत कापसाचा व्यवहार होता, त्यांच्यासाठी १९७२ हे साल विसरण्याजोगे नाही. १९७१ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र शासनाने त्या वर्षीच्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली आणि शेतकऱ्याचा कापूस विकत घेण्यास खासगी व्यापाऱ्याला मनाई झाली.

हेतू चांगला होता. शेतकऱ्याला हमीभाव मिळावा, मापात आणि भावात त्याची लूट होऊ नये. अशी लूट होत होती, हे व्यापारी वर्गाने प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. परंतु कायद्याने लबाड अडत्या आणि सचोटीचा अडत्या असा भेद केला नाही. दोघांचीही गादी उठली. त्यांच्यासोबत दिवाणजी, मापारी, हमाल यांनाही दुसरे काम शोधावे लागले. जिनिंग-प्रेसिंगवाल्याच्या हाती कापसाचा व्यापार न राहता प्रक्रियेची मजुरी तेवढी राहिली.

शेतकरी तरी सुखी झाला का? हमी मिळाली, पण खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि चुकाऱ्यासाठी थांबावे लागले. बाहेर भाव चढला की कापूस चोरून आदिलाबादकडे जाऊ लागला. २००२ च्या हंगामापासून खासगी खरेदी पुन्हा खुली झाली. म्हणजे व्यवस्था दुसऱ्यांदा बदलली. मधल्या तीस वर्षांत जुन्या पेढ्यांची एक पिढी संपली होती. २००५ मध्ये शासनाने आगाऊ बोनस बंद केला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जुलै २००६ मध्ये केंद्राला विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज द्यावे लागले. त्यात यवतमाळ होता.

असेच ब्रिटनमध्येही घडले आहे. वऱ्हाडचा कापूस एकेकाळी ज्या लँकेशायरच्या गिरण्यांकडे जाई, त्या गिरण्यांसाठी तेथील सरकारने १९५९ मध्ये कायदा केला. जुन्या चात्या आणि माग मोडीत काढणाऱ्या मालकाला भरपाई मिळे आणि तिचा दोन तृतीयांश भाग सरकार देई. कामगारांच्या भरपाईची जबाबदारी मात्र उद्योगावर सोडली होती. उरलेल्या गिरण्यांत रात्रपाळी करण्यास पाकिस्तान आणि गुजरातमधून आलेले अनेक मुस्लिम मजूर लागले. पुढे त्या गिरण्याही बंद पडल्या आणि त्यांतील कित्येकांनी टॅक्सी किंवा छोटे दुकान धरले.

मार्च १९८४ मध्ये २० कोळसा खाणी बंद करून सुमारे २०,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. वर्षभर संप चालला, तरी खाणी वाचल्या नाहीत. नोकरी गेलेल्याला काही रक्कम मिळाली. पण त्या वस्तीतील वाणी, खाटीक, शिंपी, ज्यांच्या वहीत खाणकामगारांची उधारी होती, त्यांचे नाव कोणत्या यादीत होते?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनी यातून तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, सारा धंदा एकाच मालावर किंवा एकाच सरकारी योजनेवर उभा करू नये. घरातील एका मुलाला तरी दुसरा हुन्नर शिकवावा. दुसरी, परवाना, नोंदणी आणि हिशेब चोख ठेवावा. भरपाई मागण्याची वेळ येते तेव्हा कागदच बोलतो, आणि देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा तर कुरआनातच आहे. तिसरी, दुकान बंद करण्याची वेळ आलीच तर हमालाची आणि दिवाणजीची मजुरी आधी चुकवावी. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याचा हक्क द्यावा, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे.

जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. आपल्या मोहल्ल्यात धंदा मोडलेला असा कोण आहे, याची यादी मशिदीच्या बैतुलमालकडे आहे का? सरकारने पुनर्रचना करताना लहान माणसाचा हिशेब धरला नाही, ही तक्रार रास्त आहे. परंतु तो हिशेब आपण तरी कुठे धरतो?