संजीवन : आपण नेमके काय मागतो?

शास्त्रपाठ : स्तोत्र ८५, लूक १५:११-३२, फिलिप्पै ४:१०-१८

म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर येथे भाषांतराच्या कामानिमित्त राहत असताना एके दिवशी स्तोत्र ८५:६ आमच्यापुढे आले. कन्नड बंधुभगिनी ज्याला 'उज्जीवन' म्हणतात, त्याला आपण मराठीत 'संजीवन' म्हणतो. सभांच्या जाहिरातींमुळे दोन्ही शब्द इतके अंगवळणी पडले आहेत की, त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही. माझ्या स्थानिक सहकाऱ्याने मात्र विचारले, "अण्णा, हे कोणासाठी? झोपलेल्यासाठी की मेलेल्यासाठी?" मला चटकन उत्तर देता आले नाही, आणि हा शब्द तर मी कित्येक वर्षे प्रार्थनेत उच्चारीत होतो!

१. जुन्या करारातील शब्द

येथे मूळ इब्री धातू 'हाया', म्हणजे 'जगणे', हा अगदी साधा आहे. योसेफाने पाठविलेल्या गाड्या पाहून खचलेल्या याकोबाच्या जिवात जीव आला (उत्पत्ती ४५:२७), तहानेने व्याकूळ झालेल्या शमशोनाला पाणी पिऊन तरतरी आली (शास्ते १५:१९) आणि सारफथच्या विधवेचा मृत मुलगा जिवंत झाला (१ राजे १७:२२). तिन्ही ठिकाणी हाच धातू आहे. खचलेला, थकलेला आणि मेलेला, तिघांसाठीही तो चालतो. मात्र तिघांपैकी एकानेही स्वतःला जीवन दिले नाही. ते बाहेरून आले. यास्तव स्तोत्रकर्ता संजीवनाची घोषणा करीत नाही, तर याचना करतो. आणि ही याचना देवाची कृपा पूर्वी अनुभवलेल्या लोकांची आहे (वचने १-३), हेही ध्यानात घ्यावे.

२. नव्या करारातील शब्द

उधळ्या पुत्राचा पिता म्हणतो की, मुलगा मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला (लूक १५:२४). तेथील ग्रीक क्रियापद रोम ७:९ मध्येही येते. पण तेथे पुन्हा जिवंत होते ते पाप! म्हणून केवळ खळबळ उडाली एवढ्यावरून हर्ष करू नये. काय जिवंत झाले, हे पाहावे. फिलिप्पै ४:१० मध्ये पौल वेगळा शब्द योजतो. झाडाला पुन्हा पालवी फुटावी तशी त्या मंडळीची आस्था पालवली, आणि तिचे फळ म्हणजे बंदिवासातील सेवकाला पाठविलेली मदत.

३. मराठी कानांना

'संजीवन' म्हणताच आपल्याला संजीवनी वनस्पती आठवते, आळंदीची संजीवन समाधी आठवते. शब्द सुंदर आहे. परंतु संजीवनी आणता येते, हाती धरता येते. आत्म्याचे कार्य तसे आणता येत नाही. सभेची तारीख आपण ठरवू शकतो, संजीवनाची नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही 'आम्हांला पुन्हा जगव' असा साधा अर्थच स्वीकारला.

४. केडगावची साक्ष

जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधील मुलींना संजीवनासाठी रोज प्रार्थना करण्यास बोलाविले. प्रथम सत्तर जणी पुढे आल्या. पुढे ही संख्या सुमारे साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस तेथे अश्रू, पापांगीकार आणि सामुदायिक प्रार्थना यांचा जणू पूर आला. हे आपण आवडीने सांगतो. परंतु त्यानंतरही रमाबाई अनाथांचा सांभाळ करीत राहिल्या आणि साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत राहिल्या. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर ओसरला, तरी जमीन पिकत राहिली.

५. आपल्यासाठी

स्तोत्र ८५ चा शेवट दया व सत्य, नीतिमत्त्व व शांती यांच्या भेटीत होतो. त्या प्रश्नानंतर मला माझ्या मंडळीतील एक बंधू आठवले. कित्येक महिने आमचे बोलणे नव्हते, आणि तरीही मी 'संजीवन दे' म्हणत होतो! थोरल्या मुलाप्रमाणे मी अंगणातच उभा होतो. मी त्यांना पत्र लिहिले. उत्तर यायला वेळ लागला. पण माझी प्रार्थना त्या दिवसापासून खरी झाली.

मननासाठी प्रश्न :
(१) आपल्या मंडळीत आज नेमके काय खचले, थकले किंवा मेले आहे?
(२) 'संजीवन दे' म्हणण्यापूर्वी आपण कोणाची भेट घ्यावयास हवी?