भूमध्य समुद्र कोरडा पडला होता काय?

द्वितीय वर्ष, कला

इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट असतात, शिलालेख असतात. परंतु ज्या काळी माणूसच नव्हता, त्या काळाची नोंद कोणी ठेवली? भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात, गाळाने. समुद्राच्या तळाशी थरावर थर साचलेला गाळ हेच त्यांचे दप्तर होय. हे दप्तर कसे वाचतात, याचे एक विलक्षण उदाहरण आपण पाहू.

१९७० सालच्या ऑगस्टमध्ये ‘ग्लोमर चॅलेंजर’ हे संशोधन-जहाज भूमध्य समुद्रात शिरले. विल्यम रायन व केनेथ श्यू हे मोहिमेचे प्रमुख होते. सूक्ष्म जीवाश्मांच्या तज्ज्ञ मारिया चिता या इटालियन विदुषी त्यांच्यासोबत होत्या. ध्वनिलहरींच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत तळाच्या खाली एक कठीण थर दूरवर पसरलेला पूर्वीच आढळला होता. तो कशाचा, हे पाहण्यासाठी खोल पाण्याखाली छिद्रे घेण्यात आली. वर आले ते जिप्सम आणि मीठ!

यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. माझ्या वडिलांची शाळा दुसरीत सुटली. पण मिठागरात मजुरी केल्याने त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. भरतीचे पाणी आत घेऊन वाट बंद केली आणि वर ऊन तापले, तरच मीठ धरते. पाणी आटत असता आधी जिप्सम खाली बसते, मीठ त्यानंतर. मग एवढ्या मोठ्या समुद्राची वाट बंद केली कोणी?

भूमध्य समुद्रात नद्या व पाऊस यांचे जेवढे पाणी येते, त्याहून अधिक पाण्याची वाफ होते. ही तूट जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिक महासागर भरून काढतो. आफ्रिका आणि युरोप यांचे भूपट्ट एकमेकांकडे सरकत असतात. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी या रेट्याने तेथील जमीन उचलली गेली आणि अटलांटिकची वाट अडली. श्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुमान काढले की, समुद्र आटला आणि त्याच्या जागी खोल, रखरखीत वाळवंट उरले. उथळ, उजेडाच्या पाण्यात सूक्ष्म जीव जसे थर रचतात, तशा थरांचे खडकही त्यांना तेथे सापडले होते.

दुसरा पुरावा दूर इजिप्तमध्ये होता. आस्वान धरणाच्या वेळी चुमाकोव्ह या रशियन भूगर्भशास्त्रज्ञास नाईलच्या पात्राखाली गाडली गेलेली एक खोल घळ आढळली. तिचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली होता आणि आत सागरी गाळ भरला होता. समुद्र तर तेथून शेकडो मैल दूर! नदी आपले पात्र समुद्राच्या पातळीच्या बेताने खोदते. समुद्र खाली गेला म्हणून नाईल खोल गेली, आणि तो परत भरला तेव्हा घळीत खारे पाणी शिरले, असा याचा अर्थ लावण्यात आला.

तथापि शंकाही निघाल्या. समुद्र एकदाच आटला असता, तर त्याच्या पाण्यातून सरासरी २५-३० मीटर जाडीचे मीठ मिळाले असते. प्रत्यक्षात ते काही ठिकाणी एक किलोमीटरहून जाड आहे. म्हणजे अटलांटिकचे पाणी पुनःपुन्हा किंवा सतत थोडे थोडे येत असले पाहिजे. शिवाय पाणी पुरेसे खारट असेल, तर खोल तळाशीही जिप्सम साचू शकते. म्हणून मिठाचे संकट आले होते, हे सर्वमान्य असले, तरी पातळी नेमकी किती उतरली, यावर आजही वाद आहे. सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकची वाट पुन्हा मोकळी झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार बहुतेक पाणी काही महिने ते दोन वर्षे एवढ्याच अवधीत भरले असावे.

आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे? जिप्सम सापडले, हा पुरावा. समुद्र कोरडा पडला, हे अनुमान. या दोहोंतील अंतर ओळखणे हीच अभ्यासाची पहिली पायरी. छापले आहे म्हणून खरे मानणे सोपे असते. ज्यांच्या घरी पुस्तक प्रथमच आले, त्यांना तर छापील शब्दाचा धाक अधिकच वाटतो. परंतु प्रश्न विचारण्याचा अधिकार पदवीनंतर मिळत नाही. तो आजच बजावायचा असतो.