पुरळ गेलं, ठणका राहिला

डाव्या कुशीवर निजता येत नव्हतं. ब्लाउजची शिवण टोचायची, पंख्याचा वारा लागला तरी कातडी पोळायची आणि मधूनच फासळ्यांच्या आत अशी कळ जायची की हातातलं काम सुटावं. पाहायला गेलं तर अंगावर काहीच नव्हतं. दुखणं डाव्या बाजूला, म्हणून पहिली धास्ती हृदयाची. ईसीजी, एक्स-रे, रक्त, सगळं ठीक निघालं आणि माझी भीती उलट वाढली, कारण दुखत तर होतं, पण त्याला नाव नव्हतं. रात्री कॅन्सरपर्यंत विचार जायचे. घरातली माणसं प्रेमानेच म्हणायची, ‘मनावर घेऊ नकोस.’ दुखणाऱ्याला हे वाक्य फार एकटं पाडतं. कृपा करून कुणाला म्हणू नका.

त्याआधी पाठीपासून छातीखालपर्यंत पाण्याचे बारीक फोड उठले होते. शेजारणी म्हणाल्या, कोळी फिरला असेल. दवाखान्यात ॲलर्जी ठरली. गोळ्या आणि कॅलामाइन मिळालं. फोडांवर खपल्या धरल्या, पडल्या, विषय संपला. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी पुसट डाग पाहून दोनच गोष्टी विचारल्या: पुरळ एकाच बाजूला होतं का? आणि ते उठण्याआधीपासून तिथे दुखत होतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ होतं. ती नागीण होती.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षं दबून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असल्यामुळे पुरळ सहसा मध्यरेषेशी थांबतं. नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातो, ही समजूत अजून घराघरांत आहे. तिला काही आधार नाही. तिच्या धाकाने लोक गेरू लावतात, उतरवून घेतात, आणि खरे मोलाचे दिवस त्यातच जातात. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. म्हणून एका बाजूला पट्ट्यासारखे फोड दिसले की त्याच दिवशी फोटो काढा आणि डॉक्टरांना थेट विचारा, ‘ही नागीण तर नाही?’ फोड कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तातडीने जा. दृष्टीला धोका असतो. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवा आणि तान्ही बाळं व कांजिण्या न आलेल्या गरोदर बायका यांच्यापासून दूर राहा.

पुरळ गेल्यावर तीन महिन्यांनंतरही ठणका राहिला तर त्याला नागिणीनंतरची मज्जातंतुवेदना म्हणतात. वय जितकं जास्त, तितकी ती होण्याची शक्यता अधिक. जखमी तंतू चुकीचे संदेश पाठवत राहतो, म्हणून नुसता स्पर्शही पोळतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी इथे फारसा फरक पडत नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं डॉक्टर कमी मात्रेपासून चढवत नेतात. माझ्या चिठ्ठीतलं एक औषध नैराश्यावरही देतात, हे मुलाने मोबाइलवर वाचलं आणि घर हादरलं. तेच औषध तंतूंची कळ शमवण्यासाठीही देतात. ते मिळालं म्हणजे तुमची वेदना खोटी ठरली, असं मुळीच नाही. सुरुवातीला झापड येते, चक्कर येते. रात्री उठताना आधी काठावर बसा, मग उभ्या राहा. गुण यायला आठवडे लागतात आणि बरं वाटलं तरी गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. लिडोकेनची पट्टीही मिळते, पण ती अखंड कातडीवरच लावायची. मला मऊ सुती, सैल कपड्यांनी बराच आराम पडला.

बहुतेकांचा ठणका हळूहळू ओसरतो. माझा अजून पुरता गेलेला नाही. पण झोप लागते आणि रात्री हृदयाची धास्ती घेऊन उठत नाही.

पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे. महाग आहे, तरी मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांशी जरूर बोलावं. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. यजमानांनी पहिला डोस घेतला आहे. माझा पुढच्या महिन्यात आहे.