मुलांचे रक्षण : साऱ्या गावाचे काम



अमके मूल गुणी आहे, असे आपण केव्हा म्हणतो? ते वडिलांचे मुकाट्याने ऐकते, उलट उत्तर देत नाही, घरची गोष्ट बाहेर नेत नाही, तेव्हा. हे गुण चांगले खरेच. परंतु ज्याच्या मनात पाप आहे, त्यालाही असेच मुके मूल हवे असते. म्हणून ह्या पाठात आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, मुलांचे रक्षण धाकाने होत नाही. मुलास बोलण्याची मोकळीक आणि गावास ऐकण्याची सवय, ह्या दोहोंनी ते होते.

१. धोका कोठून येतो?

आपण मुलांस परक्याचे भय घालतो. पण भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची विचारपूस करून २००७ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, तो निराळेच सांगतो. शेकडा ५३ मुलांनी आपणांवर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यांत मुलींइतकेच मुलगेही होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे व विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणापाशीही काढली नव्हती.

शास्त्रातही हेच चित्र आहे. २ शमुवेल १३ वा अध्याय वाचा. तामारेचा घात परक्याने नव्हे, तर सावत्र भावाने, आजाराचे निमित्त करून, घरातच केला. तिने त्यास स्पष्ट नकार दिला होता. पुढे सख्ख्या भावाने तिला गप्प राहावयास सांगितले. दावीद राजा संतापला खरा, पण त्याने न्याय केला नाही. त्या मौनातून खून उपजला आणि अखेरीस घराणे दुभंगले. तेव्हा नुसता संताप म्हणजे रक्षण नव्हे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे कळताच लोकांनी कित्येक तास रेल्वे अडविली. तो संताप न्याय्य होता. परंतु मूल दुखावण्याआधी जागे राहणे हे त्याहून मोठे काम आहे.

२. एकट्या घराचे बळ पुरत नाही

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतील कुटुंबे ऊसतोडीस निघतात. मुले एक तर म्हाताऱ्या आजीपाशी राहतात, नाही तर आईबापांबरोबर कोपीत. आईबाप पहाटेच्या अंधारात फडावर गेले म्हणजे मागे राहिलेल्या मुलीकडे कोणी पाहावे? आईबापांस दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यांस पोट आहे. गावाने पुढे व्हावे, हाच उपाय. शाळेच्या व्यवस्थापन समित्यांमार्फत हंगामी वसतिगृहे चालविण्याची रीत ह्याच कारणाने पडली, की मूल गावात राहावे, जेवावे व शिकावे. पण जेवण मिळाले म्हणजे काम संपले नाही. मूल रात्री कोठे निजते, शाळेत का आले नाही, हे विचारणारे माणूस गावात असले पाहिजे.

ह्यासाठी गाव बाल संरक्षण समितीची योजना आहे. सरपंच तिचे अध्यक्ष. अंगणवाडी सेविका, शिक्षक, आरोग्यसेविका वगैरे तिचे सभासद. आणि मुलांचे प्रतिनिधीही तीत असावे लागतात. कोणती वाट अंधारी आहे, कोणाच्या दुकानात जावयास मुली भितात, हे मोठ्यांस ठाऊक नसते, मुलांस असते. समिती नुसती कागदावर असेल, तर ग्रामसभेत उठून ती बोलाविण्याची मागणी करावी.

३. मुलांस काय शिकवावे?

देहाच्या सर्व अवयवांची नावे मुलास लाज न बाळगता सांगावी. ज्यास नाव नाही त्याची तक्रार मूल कशी करील? माझा देह माझा आहे, आणि नको असलेल्या स्पर्शास काका, मामा, गुरुजी किंवा पाळक यांसही नाही म्हणता येते, हे सांगावे. कोणी म्हणाले की हे आईला सांगू नको, तर तेच आधी आईला सांगावे. आणि प्रत्येक मुलास विश्वासाची निदान तीन माणसे ठाऊक असावी, त्यांतील एक तरी घराबाहेरचे. १०९८ हा क्रमांक शाळेच्या व प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर लिहावा. त्यावर अहोरात्र विनामूल्य मदत मागता येते.

४. ऐकणाऱ्याने काय करावे?

मूल बोलले तर आधी विश्वास ठेवावा. तू तेथे गेलीसच का, असे विचारू नये. पुनःपुन्हा तीच हकीकत वदवून घेऊ नये. दोष तुझा नाही, हे स्पष्ट सांगावे. पंचांत बसून प्रकरण मिटवू नये, आणि अब्रू राखण्याच्या नावाखाली मुलीचे लग्न तर मुळीच उरकू नये.

२०१२ च्या कायद्याप्रमाणे, ज्यास पॉक्सो म्हणतात, १८ वर्षांखालील मुलावर असा अपराध झाल्याचे ज्यास कळेल त्या प्रत्येकाने पोलिसांस कळविलेच पाहिजे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावाने कळविणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्यास रुचेल त्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, त्याच्या विश्वासातील माणसादेखत घ्यावयाचा असतो. हे ठाऊक नसल्यामुळे किती घरे ठाण्याच्या भयाने गप्प बसतात!

५. जखम भरून येते काय?

येते. एमी वर्नर नावाच्या विदुषीने हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या आयुष्याचा चाळीस वर्षे मागोवा घेतला. दारिद्र्य व कलहाच्या घरांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती व दयाळू माणसे झाली. त्यांपैकी पुष्कळांस घरात वा घराबाहेर जिव्हाळ्याचे कोणी ना कोणी भेटले होते : आजी, शेजारीण, शिक्षक, मंडळीतील कोणी वडील माणूस. असे माणूस होण्यास पैसा लागत नाही, विद्वत्ता लागत नाही. वेळ व कान लागतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील कोणती मुले ह्या हंगामात आईबापांवाचून राहतात? त्यांची विचारपूस कोण करतो?

२. आपल्या शब्बाथशाळेत व वसतिगृहात कोणी मोठे माणूस एकट्या मुलासह बंद दाराआड बसते काय? ही रीत कशी मोडावी?

३. आपल्यातील मान्यवर माणसाविरुद्ध मुलाने तक्रार केली, तर आपण कोणाच्या बाजूस उभे राहू? ह्याचे उत्तर आजच ठरवून ठेवा. त्या दिवशी ठरविणे फार कठीण जाईल.