मूठभर पिठाचे दान



महिन्याची वीस तारीख उलटली, की आपल्यापैकी अनेकांच्या घरी काटकसरीचे दिवस सुरू होतात. गॅस, शाळेची फी, औषधे आणि कर्जाचा हप्ता भागवून उरलेल्या पैशांत किराणा बसवावा लागतो. अशा वेळी गरजूंसाठी धान्य आणण्याचे आवाहन झाले, की मनात येते, ‘आमचेच भागत नाही, आम्ही कुठून देणार?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर आपण पवित्र शास्त्रात शोधू या.

दोन विधवा

सामान्य काळातील ३२ व्या रविवारी, ‘ब’ वर्षात, आपण दोन विधवांविषयी ऐकतो. सारफथ येथील विधवेच्या घरी मूठभर पीठ व थोडेसे तेल उरले होते (१ राजे १७). तरीही तिने भर दुष्काळात आधी एलीया संदेष्ट्याला भाकर करून दिली, आणि तिचे पीठ सरले नाही. दुसरी विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकते (मार्क १२). प्रभू येशूने रक्कम पाहिली नाही, तिच्या त्यागाकडे पाहिले.

मग मुलांच्या ताटातले काढून द्यावे काय? संत पौल तसे सांगत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो, की ज्याच्यापाशी जेवढे आहे त्या मानाने त्याचे दान देवाला मान्य होते. दुसऱ्याचे ओझे उतरवताना आपण ओझ्याखाली दबावे, हा त्याचा हेतू नाही. आज आपण त्यांची गरज भागवावी, उद्या त्यांनी आपली. म्हणूनच आज देणाऱ्या घरावर उद्या घेण्याची वेळ आली, तर त्यात लाज कसली?

गरिबाघरची कल्पना

जगातील पहिली फूड बँक १९६७ साली अमेरिकेतील फिनिक्स शहरात सुरू झाली. दुकानदारांनी टाकून दिलेले अन्न वेचून मुलांना भरवणाऱ्या एका आईने जॉन व्हॅन हेंगेल या कॅथलिक स्वयंसेवकाला सुचवले, की पैशांसारखीच अन्नाचीही बँक असावी. सेंट मेरी धर्मग्रामाने त्यासाठी एक इमारत दिली. आपल्याच देशात मिझोराममधील प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती स्त्रिया साधारण १९१० पासून स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. दोन्ही कामांची सुरुवात श्रीमंतांच्या घरी झाली नाही.

आपण काय करू शकतो?

१. महिनाअखेरीस उरेल ते देऊ म्हटले, तर बहुधा काहीच उरत नाही. म्हणून रोज तांदूळ धुण्याआधी मूठभर वेगळ्या डब्यात टाकावेत. रोजचे ५० ग्रॅम धरले, तरी महिन्याला दीड किलो होतात. छोट्या ख्रिस्ती समूहातील २० घरांनी हे केले, तर ३० किलो जमतात.

२. रेशनकार्डावर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतात. खरी ओढाताण डाळ, तेल, मीठ आणि साखर यांची असते. म्हणून पाव किलो तूरडाळसुद्धा मोलाची आहे.

३. आपण खातो तेच द्यावे. किडलेली डाळ किंवा मुदत संपलेले पाकीट देणे म्हणजे गरिबाचा अपमान होय.

४. उधारी करून देऊ नये. एखाद्या महिन्यात जमले नाही, तर धान्य निवडणे, पिशव्या भरणे, आजाऱ्याच्या घरी पोहोचवणे हेही दानच आहे. मात्र मदत कोणाकडे गेली, याची वाच्यता करू नये.

कुटुंबात चर्चेसाठी

- आपल्या घरात मूठभर धान्याचा डबा कोण सांभाळील? मुलांना हे काम देता येईल का?
- आपल्या आळीत कोणाची चूल अडचणीत आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का?
- स्वतःवर वेळ आली, तर मदत मागण्याची नम्रता आपल्यात आहे का?

सारफथच्या विधवेला देवाने धान्याचे कोठार दिले नाही. तिच्या मडक्यातले रोजचे पीठ संपू दिले नाही. त्याच देवावर भरवसा ठेवून आपणही आपली मूठ उघडू या.