लाकूड शेवटी बघा

हुबळीच्या विद्यानगरातली मुलं बास गिटार घ्यायच्या आधी सल्ला मागायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काका, बॉडी कुठल्या लाकडाची घेऊ?’ आल्डर, अ‍ॅश, महोगनी, बासवुड ही नावं त्यांना तोंडपाठ असतात. पिकअप कुठे बसवलाय, तारा कसल्या आहेत, आवाज शेवटी ज्या स्पीकरमधून बाहेर पडणार तो केवढा आहे, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी त्यांना हसत नाही. हुबळी-धारवाडच्या जुन्या घरांत वाद्य म्हणजे आधी तंबोरा, आणि तंबोऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न अगदी रास्त आहे.

आमच्याकडे आईचा तंबोरा आहे, मिरजेचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारा कडू भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी, वर पातळ तबली. तार छेडली की कंप घोडीवाटे तबलीत उतरतो, तबली हलते आणि तिच्याबरोबर भोपळ्यातली हवा हलते. आपल्या कानावर पडतो तो आवाज त्या लाकडाचा आणि त्या हवेचाच. तबली जरा जाड राहिली तर तंबोरा मुका वाटतो. ती किती तासायची हे कारागिराच्या बोटांना कळतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांना मिळालं असं मी समजतो.

बासची गोष्ट वेगळी. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला तोच मुळी भरीव पाटीचा. त्याआधी बासवाला माणसापेक्षा उंच डबल बास खांद्यावर मारून हिंडायचा. भरीव पाटी स्वतः जवळजवळ काहीच वाजत नाही. पिकअप म्हणजे तारेखाली चुंबक, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. वरची पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यांत वीज उमटते आणि तीच केबलमधून पुढे जाते. पिकअपला तार दिसते, लाकूड दिसत नाही. लाकडाचा परिणाम शून्य आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मान ज्या कंपनाला साथ देते तो स्वर लवकर विझतो; बऱ्याच बासवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास असा एखादा मेलेला स्वर सापडतो, महागातल्या बासवरही सापडतो. पण रुपयातले हे फार तर दोन आणे.

उरलेले चौदा आणे कुठे असतात ते मला ज्या बासने शिकवलं तो महोगनीचाच होता. कॉलेज संपल्यावर पहिल्या पगारातून घेतलेला. दिसायला देखणा, पण आवाज घोंगडी पांघरून बोलणाऱ्या माणसासारखा. शिवाय ई तार मोकळी वाजवली की किरकिरायची. ज्या दुकानातून घेतला तिथे विचारलं तर उत्तर आलं, ‘लाकूड मुरायला वेळ लागतो, वाजवत राहा.’ मीही श्रद्धेने वाजवत राहिलो. पुढे आईच्या तंबोऱ्याची जवारी काढायला धारवाडच्या एका कारागिराकडे गेलो होतो, तेव्हा सहज त्यांना बास दाखवला. त्यांनी आयुष्यात बासला हात लावला नव्हता. ई तार एकदा छेडली, मानेच्या टोकाशी डोळा नेला आणि म्हणाले, ‘इथं नको तिथं जवारी झालीय की.’

त्यांचं निदान तंतोतंत होतं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार त्याला निसटता स्पर्श करत कंप पावते, खाली सुताचा दोरा सरकवून तो स्पर्श नेमका जुळवायचा, मग एकाच तारेतून वरचे स्वर उमलायला लागतात, हीच जवारी. तिथे ही किरकिरच तर हवी असते. बासवर उलट. मानेच्या टोकाशी असलेल्या नटच्या खाचेत तार एकाच काठावर टेकली पाहिजे, तीही मानेच्या बाजूच्या. माझ्या बासची खाच सपाट आणि जरुरीपेक्षा खोल कापलेली होती. त्यांनी हाडाचा तुकडा घासून नवा नट बसवला. मग मी नव्या तारा चढवल्या, पिकअप खाली बुडालेला होता तो स्क्रू फिरवून वर घेतला. लाकूड तेच, बास मात्र दुसराच वाटायला लागला. सगळा खर्च एका चांगल्या तारसंचाच्या दुप्पटही नव्हता.

(जवारी बासवर कधीच नको असं नाही. पडदे नसलेला बास घ्या. त्यावर तार बोटाखालच्या लाकडाला हळूच घासत राहते आणि स्वर लागल्यानंतर फुलतो. बासवादक जॅको पास्टोरियसची १९७६ची पहिली तबकडी ऐकताना आमच्या आईने, तिला बास म्हणजे काय हे माहीत नसताना, ‘याची जवारी छान आहे’ म्हटलं होतं.)

तेव्हा पैसे हातात आले की आधी तारा. गोल विणीच्या तारा नव्या असताना झणझणीत वाजतात, बोटांच्या घामाने महिन्या-दोन महिन्यांत मंदावतात. हॉस्टेलची मुलं त्या उकळत्या पाण्यात टाकतात. मळ निघतो, थोडे दिवस चमक परत येते, नंतर पुन्हा तेच. सपाट विणीच्या तारा मुळातच मऊ, बुटक्या आवाजाच्या, आणि वर्षानुवर्षं टिकतात. डेट्रॉइटच्या मोटाउनच्या गाण्यांत जेम्स जेमरसन त्याच वापरायचा, बदलायच्या भानगडीत पडायचा नाही, आणि सगळं एका तर्जनीने वाजवायचा. जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्या आमच्यासारख्या ऑर्केस्ट्रावाल्यांना सपाट तारा फार शोभतात. ज्याला अंगठ्याने थापट्या मारायच्या आहेत त्याने त्या घेऊ नयेत.

तार किती लांब, हाही मुद्दा आहे, आणि तो आपल्या गावाला नवा नाही. सतारीवर खर्जाची तार आणून तारांची मांडणी बदलणारे म्हणून धारवाडचे रहिमत खाँ ओळखले जातात. खाली उतरायचं तर तार लांब करा, जाड करा किंवा सैल सोडा. चौथी वाट निसर्गाने ठेवलेली नाही. नेहमीच्या बासवर नटपासून ब्रिजपर्यंत ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलीमीटर तार असते आणि मोकळी ई सेकंदाला ४१ वेळा हलते. ३० इंची बासवर त्याच जाडीची तार त्याच स्वराला लावली तर ताण साधारण बावीस टक्क्यांनी कमी होतो. तार मऊ लागते, बोटं पुरतात, पण खालची ई जरा ढबढबीत होते, तिच्यातले वरचे स्वर कमी पडतात. दुकानात असा बास ‘शिकाऊ’ म्हणून दाखवतात. त्याकडे लक्ष देऊ नका. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा होफ्नर आखूडच होता. तो १९७२ मध्ये चोरीला गेला आणि सापडला थेट २०२३ मध्ये. हात लहान असेल तर खुशाल आखूड घ्या. पाच तारांचा मात्र पहिल्या फटक्यात नको. त्याची खालची बी ३१ च्या आसपास हलते, आणि ती ऐकवील असा स्पीकर तुमच्याकडे नसतो.

पिकअप कुठे बसवलाय हे बासच्या फोटोवरूनही ओळखता येतं, तरी त्याकडे कुणी बघत नाही. ब्रिजच्या जवळ तारेचा झोका लहान असतो, तिथला पिकअप कडक, नाकातला आवाज देतो. मानेकडे सरकला की गोलाई आणि भरणा वाढतो. प्रिसिजनवर १९५७ पासून दोन तुकड्यांचा एकच पिकअप असतो, मधल्या जागी. बँडमध्ये तो हमखास ऐकू येतो. १९६० च्या जॅझ बासवर दोन असतात. दोन्ही पूर्ण उघडले की मधले स्वर एकमेकांना खातात. खोलीत गोड, ढोल-ताशाच्या शेजारी गायब. असा बास हाती असेल तर स्टेजवर एक पिकअप थोडा कमी करून बघा.

मात्र तेव्हा गुणगुण वाढते, कारण दोन्ही पिकअप मिळून ती दाबतात. गणपतीच्या मांडवात लायटिंगच्या माळा, डिमर आणि ट्रान्स्फॉर्मर यांच्यामध्ये उभं राहिलात तर एकेरी पिकअप सगळं पकडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ चा. म्हणजे मंडपाचा करंट रात्रभर किंचित चढा जी धरून बसतो. जी मेजरमधलं गाणं असेल तर निदान सुराच्या आसपास तरी आहे म्हणायचं. यावर खरा इलाज म्हणजे डिमरपासून लांब उभं राहणं आणि बास वेगळ्या पॉइंटवरून जोडणं. अर्थिंग तोडून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने माणूस जातो.

‘अ‍ॅक्टिव्ह’ बासमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते. बऱ्याच बासवर केबल खोचली की सर्किट चालू होतं, म्हणून केबल तशीच राहिली की बॅटरी उगाच उतरत राहते. एका लग्नाच्या रिसेप्शनला वरात दारात आणि बास आधी फाटका, मग गप्प. मिक्सरवाला ओरडतोय, ‘सौंड बरवल्दु री!’, आवाज येईना हो. सगळे केबल बदलताहेत. बॅटरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. तेव्हापासून केसमध्ये नवी बॅटरी टेपने चिकटवलेली असते. साध्या, बिनबॅटरीच्या बासचं दुखणं वेगळं. त्याची वायर मिक्सरच्या भोकात थेट घातली की आवाज मळकट होतो, पिकअपवर नको इतका भार येतो. मध्ये डीआय बॉक्स हवा. साउंडवाल्याकडे असेलच या भरवशावर राहू नका, स्वतःचा ठेवा.

आता खोली. विद्यानगर म्हणजे कॉलेजं, हॉस्टेलं आणि भाड्याच्या खोल्या. बहुतेक मुलांची खोली दहा बाय तेराची असते. तेरा फुटांत ४३ हर्ट्झची अर्धी लाट नेमकी बसते, दहा फुटांत ५६ ची. ई तारेच्या पहिल्या पडद्यावरचा एफ ४३.७ चा आणि मोकळी ए ५५ ची. त्यामुळे त्या खोलीत हे दोन स्वर भिंती हलवतात आणि शेजारचा जी अंग चोरतो. मुलगा येऊन सांगतो, ‘काका, बासचा एफ बिघडलाय.’ बास ठणठणीत असतो. अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दूर, खुर्चीवर ठेवायला सांगितलं की निम्मा आजार तिथेच बरा होतो. हेडफोन लावून ऐकलं तर खरं-खोटं लगेच कळतं. मंगल कार्यालयात फरशी, काच आणि उघड्या भिंती असतात. तिथे बासचा नॉब वाढवण्याऐवजी कमी करा आणि मधले स्वर थोडे वाढवा. तार कानाला ऐकू येते ती वरच्या स्वरांमुळे. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येतच नाही, तरी आपण बासची ओळ गुणगुणतो, कारण ८२ आणि १२३ ऐकून खालचा स्वर कान स्वतः भरून काढतो.

म्हणून बजेटचा मोठा हिस्सा अ‍ॅम्पला द्या. साध्या गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये बास घालू नका. त्याच्या स्पीकरचा कोन एवढा पुढे-मागे हलायला बनवलेला नसतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा स्पीकर पहिल्याच सरावात फडफडायला लागला आणि कडेने फाटला. घरी तीस वॅट पुष्कळ झाले. ड्रमच्या शेजारी मात्र शंभराच्या खाली आशा ठेवू नये, कारण तेवढ्याच जोरात ऐकू येण्यासाठी खालच्या स्वराला कितीतरी जास्त ताकद लागते.

नव्या बासपेक्षा जुना घेणं आपल्याकडे पुष्कळदा शहाणपणाचं. मात्र मान बघा. धारवाड मलनाडाच्या काठावर, पावसाळ्यात ओलंगार. हुबळी मार्च-एप्रिलमध्ये कोरडीठाक. लाकूड ओल पिऊन तारांच्या बाजूला वाकतं, तारा वर येतात; उन्हाळ्यात मागे सरकतं, तारा पडद्यांवर आपटतात. त्यासाठी मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबा आणि आठव्या पडद्यावर तारेखाली किती फट आहे ते पाहा. साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी असली तर उत्तम. कमी-जास्त असेल तर या सळईचा नट पाव फेऱ्याने फिरवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं, जोर लावायचा नाही. विकत घेण्याआधी मालकासमोरच नट थोडा सैल आणि पुन्हा घट्ट करून बघू द्या म्हणावं. मान वाकलेली असून नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला निघाला, तर तो बास कितीही स्वस्त मिळत असला तरी चहा पिऊन परत यावं.